विश्लेषण : कास पठारावर कुणाच्या घरी जातो आपण? फुले, गावे आणि पाहुण्याचे भान

ऑगस्टचा शेवटचा आठवडा उजाडला की साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढणाऱ्या गाड्यांची रांग लागते. पुणे, मुंबई, कोल्हापूर, सांगलीकडची मंडळी कास पठार गाठतात. फुले पाहायची, फोटो काढायचे, वाटेत गरम भजी खायची आणि संध्याकाळी परत फिरायचे, असा हा बेत असतो. पण ज्या सड्यावर आपण दोन तास उभे राहतो, तो सडा फार नाजूक आहे आणि त्याच्या कडेला पिढ्यान् पिढ्या राहणारी माणसेही आहेत. कास पाहायला जायचे म्हणजे नेमके कसे जायचे, गर्दीने काय बिघडते, कुंपणाचा वाद काय होता आणि जगातल्या दूरच्या बेटांनी याच प्रश्नावर काय केले, याचा हा आढावा.

कास पठाराचे वेगळेपण काय?

सातारा शहराच्या पश्चिमेला सुमारे २५ किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून साधारण १,२०० मीटर उंचीवर हे पठार आहे. विस्तार सुमारे १० चौरस किलोमीटर. येथे सपुष्प वनस्पतींच्या ८५० हून अधिक प्रजातींची नोंद आहे. जुलै २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा स्थळाचा दर्जा दिला. त्यातील एकूण ३९ ठिकाणांपैकी महाराष्ट्रातील ठिकाणे चार : कास पठार, कोयना अभयारण्य, चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि राधानगरी अभयारण्य. म्हणजे चारपैकी तीन ठिकाणे सातारा-सांगलीकरांच्या अंगणातली.

गेंद, सोनकी, तेरडा, आभाळी, सीतेची आसवे, मंजिरी, दवबिंदू ही येथील फुलांची ओळखीची नावे. कुमुदिनी तळ्यातली पांढरी फुले पाहायला वेगळी पायपीट करावी लागते. टोपली कारवी सात वर्षांतून एकदा बहरते. वायतुरा या वनस्पतीच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे.

पठाराला ‘बेट’ का म्हणतात?

बेट म्हटले की चारी बाजूंनी पाणी डोळ्यांसमोर येते. जीवशास्त्रात मात्र, भोवतालापेक्षा पूर्ण वेगळी परिस्थिती असलेल्या आणि त्यामुळे एकट्या पडलेल्या जागेलाही बेट म्हणतात. कास तसेच आहे. वर जांभ्या दगडाचा सपाट थर, त्यावर कुठे बोटभर तर कुठे वीतभर माती. खाली उतारावर दाट जंगल, त्याहून खाली दरीतली शेती. सड्यावर वाढणारी रोपे खालच्या जंगलात टिकत नाहीत आणि जंगलातली झाडे या दगडावर मूळ धरत नाहीत.

पावसाळ्यात येथे दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, तर उन्हाळ्यात तोच दगड तव्यासारखा तापतो. त्यामुळे येथील बहुतेक रोपांना उगवणे, फुलणे आणि बी धरणे हे सगळे तीन-चार महिन्यांत उरकावे लागते. मातीत नत्र कमी, म्हणून दवबिंदू आणि सीतेची आसवे यांसारख्या वनस्पती बारीक किडे पकडून आपली गरज भागवतात. असे जुळवून घेतलेले जीव दुसरीकडे सहजासहजी जगत नाहीत. म्हणूनच इथली एखादी प्रजाती गेली, तर शेजारून तिची भरपाई होण्याची शक्यता फार कमी.

गर्दीने नेमके काय बिघडते?

‘एका पावलाने काय होते,’ हा नेहमीचा प्रश्न. वर्षायू रोप फुलावर असताना तुडवले गेले की त्याचे बी धरत नाही. बी पडले नाही तर पुढच्या वर्षी त्या जागी ते रोप उगवत नाही. फोटोसाठी एक जण आत शिरतो, त्याच्या पावलावर दुसरा पाऊल ठेवतो आणि आठवड्याभरात तेथे पायवाट तयार होते. पायवाटेवरची माती दाबली गेली की पाणी मुरत नाही, वाहून जाते आणि सोबत तो बोटभर थरही नेते. खाली उरतो नुसता दगड.

दुसरे नुकसान डोळ्यांना चटकन दिसत नाही. सड्यावर विखुरलेले सुटे दगड म्हणजे पाली, बेडूक, विंचू यांची घरे. साताऱ्याचे नाव मिळालेली एक पाल २००८ मध्ये चाळकेवाडीच्या पठारावरून शास्त्रज्ञांनी प्रथम नोंदवली, ती अशाच दगडांच्या आडोशाने राहणारी. गंमत म्हणून हे दगड उचलून त्यांचे मनोरे रचले की त्या जिवांचा निवारा जातो.

तिसरे नुकसान रस्त्याकडेला होते. वेफर्सची पाकिटे, पाण्याच्या बाटल्या, प्लास्टिकचे पेले. उताराच्या पाण्याबरोबर हे सगळे खाली जाते. याच परिसरातला कास तलाव सातारा शहराला पाणी देतो, हे अनेकांना ठाऊक नसते. पठारावर टाकलेला कचरा हा साताऱ्याच्या पाण्याचाही प्रश्न आहे.

गर्दीवर कोणते उपाय झाले?

जागतिक वारशाचा शिक्का बसल्यानंतर कासचे नाव देशभर झाले आणि सुटीच्या दिवशी वाहनांच्या रांगा लागू लागल्या. त्यानंतर वन विभाग आणि स्थानिक गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीने व्यवस्था बसवली. कास, कासाणी, एकीव, आटाळी, पाटेघर आणि कुसुंबी या सहा गावांचा त्यात सहभाग आहे. हंगामात प्रवेश शुल्क, ऑनलाइन आरक्षण, दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा, ठरावीक वेळांचे टप्पे, पठारापासून दूर वाहनतळ आणि तेथून बसची सोय, असे तिचे स्वरूप आहे. शुल्क आणि वेळा हंगामानुसार बदलतात, त्यामुळे निघण्याआधी त्या वर्षीची माहिती पाहून घेणे बरे.

या शुल्कावरून प्रवेशद्वारावर हुज्जत घालणारे पर्यटक दर हंगामात भेटतात. ‘फुले बघायला कसले पैसे?’ असा त्यांचा सवाल. पण याच पैशांतून पहारा देणाऱ्या, वाट दाखवणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या गावच्या माणसांना हंगामात मजुरी मिळते. तिकीट चुकवून मागच्या वाटेने शिरणारा माणूस सरकारला फसवतो असे त्याला वाटते. प्रत्यक्षात तो सहा गावांतल्या कुणाच्या तरी रोजावर पाय देत असतो.

कुंपणाचा वाद काय होता?

गर्दी आवरण्यासाठी पठारावर रस्त्याच्या कडेने जाळीचे कुंपण घालण्यात आले. जनावरांच्या चराईवरही बंधने आली. हेतू चांगला होता, पण काही वर्षांतच स्थानिकांनी आणि काही अभ्यासकांनी वेगळेच निरीक्षण मांडले. गवत वाढले आणि काही भागांत फुले कमी झाली, असे त्यांचे म्हणणे होते.

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांवरची गुरे आणि म्हशी पूर्वापार या सड्यांवर चरत आल्या. गवळी-धनगर समाजाचे जगणे तर सह्याद्रीच्या माथ्यावरील अशाच पठारांशी बांधलेले. गुरे गवत खातात, त्यामुळे उंच गवताखाली बुटक्या रोपांचा कोंडमारा होत नाही. खुरांनी पडलेल्या खळग्यांत पाणी साठते. चराई थांबली की हे सारेच थांबते. अर्थात गुरांची संख्या बेसुमार वाढली तर तीही पठाराला घातकच. प्रश्न प्रमाणाचा आहे आणि त्यावर तज्ज्ञांमध्ये एकमत नाही.

कुंपणाने वन्यप्राण्यांच्या ये-जा करण्यालाही अडथळा होतो, हा आणखी एक आक्षेप होता. अखेर कुंपण हटवण्यात आले. त्यातून मिळालेला धडा महत्त्वाचा : ज्याला आपण ‘निसर्गाची किमया’ म्हणतो, त्यात माणसाच्या वापराचाही वाटा असू शकतो. पठार वाचवायचे तर त्याच्या वहिवाटीची माहिती असलेल्या माणसांना विचारल्याशिवाय चालत नाही.

आदर फुलांचा, मग माणसांचा का नाही?

कासला जाणाऱ्याच्या मोबाइलमध्ये शेकडो फोटो असतात, पण सहापैकी दोन गावांची नावे विचारली तर सांगता येत नाहीत. वाटेवरच्या गावांत लोक भाताची, नाचणीची शेती करतात. अनेक घरांतली तरुण मुले मुंबई-पुण्याला कामाला आहेत. फुलांचा हंगाम म्हणजे त्यांच्यासाठी गावात राहून चार पैसे मिळवण्याचे मोजके आठवडे. तेव्हाच शेतीचीही कामे असतात.

अशा वेळी बांधावर गाडी लावणे, भाताच्या खाचरात उतरून फोटो काढणे, ओढ्याकाठी दारू पिणे, मोठ्या आवाजात गाणी लावणे, कपडे धुणाऱ्या बायकांचे किंवा गुरे राखणाऱ्या आजोबांचे न विचारता चित्रीकरण करणे, हे प्रकार गावकऱ्यांना सलतात. शहरात आपल्या सोसायटीच्या आवारात अनोळखी माणूस मोबाइल रोखून उभा राहिला, तर आपण जाब विचारू. इथे मात्र तेच ‘कंटेंट’ ठरते.

देवस्थानांचेही तसेच. कास परिसरातील घाटाई देवीची राई अनेकांना ठाऊक आहे. देवराई ही गावाने देवाच्या नावाने राखलेली जागा. तेथले लाकूड तोडायचे नाही, हा नियम कायद्याच्या आधीपासूनचा आणि वनखात्याच्या चौकीशिवाय पाळला गेलेला. तेथे जाताना चपला कुठे काढायच्या, कुठवर जायचे, गाभाऱ्याचा फोटो चालतो का, हे गावातल्या माणसाला विचारावे. ‘आम्ही देव मानत नाही’ म्हणणाऱ्यालाही हे करायला हरकत नसावी. कारण इथे प्रश्न ज्यांनी हे झाड राखले त्यांच्या शब्दाला मान देण्याचा आहे.

बामणोली, वासोटा, चांदोलीत वेगळे काय?

कासहून पुढे उतरले की बामणोली. समोर शिवसागर जलाशय. पलीकडच्या तीरावरच्या वासोट्याला बोटीने जावे लागते. तो कोयना अभयारण्यात येतो, वन विभागाची परवानगी लागते, रात्री मुक्काम करता येत नाही आणि पावसाळ्यात प्रवेश बंद असतो.

बोटीतून दिसणारे निळे पाणी सुंदर आहेच. पण त्याच्या तळाशी गावे आहेत. १९६४ मध्ये पूर्ण झालेल्या कोयना धरणाने ही गावे बुडवली. माणसे सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे अशा जिल्ह्यांत विखुरली. काठावर उरलेल्यांच्या वाटा तुटल्या. कांदाटी खोऱ्यातल्या गावांसाठी बोट हीच वर्षानुवर्षे एसटी होती. आपल्यासाठी जी जलसफर, तीच त्यांच्यासाठी दवाखान्याची आणि बाजाराची वाट. म्हणून लाटेवर सेल्फी घेण्यासाठी बोट थांबवायला सांगताना सोबत कोण बसले आहे, याकडे बघावे.

सांगलीच्या शिराळा तालुक्याकडून चांदोलीत शिरणाऱ्यांनाही हे लागू. १९८५ मध्ये अभयारण्य आणि २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेल्या या जंगलातली गावे उठवून बाहेर वसवण्यात आली. झोळंबीचा सडा आज पर्यटकाला वन्य वाटतो, पण त्या भागात कुणाची तरी शेते, देवळे आणि चुली होत्या. जुन्या देवळाच्या पायरीवर बसून डबा खाताना एवढी आठवण पुरे. तेथले दगड, वीरगळ, मूर्ती हलवू नयेत, घरी आणू तर मुळीच नयेत.

जगातल्या बेटांनी काय केले?

हा पेच फक्त साताऱ्याचा नाही. प्रशांत महासागरातल्या पलाऊ या छोट्या देशाने २०१७ च्या अखेरीस एक वेगळी पद्धत सुरू केली. येणाऱ्या पाहुण्याच्या पासपोर्टवर प्रतिज्ञा छापली जाते आणि त्याला तिच्याखाली सही करावी लागते. बेटाचा निसर्ग आणि संस्कृती जपीन, असे ते वचन स्थानिक मुलांना उद्देशून आहे.

फिलिपिन्सने २०१८ मध्ये बोराकाय बेट सहा महिने पर्यटकांसाठी पूर्ण बंद ठेवले. सांडपाणी थेट समुद्रात जात होते. बेट पुन्हा उघडले ते पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा घालूनच. थायलंडची माया बे ही खाडी २०१८ मध्ये बंद झाली आणि २०२२ मध्ये कडक नियमांसह उघडली. नौकांचे नांगर आणि पोहणाऱ्यांची गर्दी यांनी तेथली प्रवाळे मोडली होती.

आपल्या देशातले उदाहरण अंदमानचे. सेल्युलर जेल पाहायला सातारा-सांगलीतून दरवर्षी अनेक सहली जातात. पुढे बाराटांगला जाणारा रस्ता जारवा जमातीच्या राखीव क्षेत्रातून जातो. २०१२ मध्ये पर्यटकांसमोर जारवा स्त्रियांना खाऊचे आमिष दाखवून नाचवल्याची चित्रफीत जगासमोर आली आणि संतापाची लाट उसळली. १९५६ च्या नियमनानुसार या जमातींच्या क्षेत्रात विनापरवाना प्रवेश हा गुन्हा आहे. रस्त्यावर गाडी थांबवणे, फोटो काढणे, खाऊ देणे, सगळ्याला बंदी आहे. बाहेरच्या माणसाकडून येणारा साधा आजारही त्यांच्या जिवावर बेतू शकतो. ‘सहज गंमत’ कुठवर जाऊ शकते, हे सांगायला एवढे उदाहरण पुरेसे आहे.

कासची माणसे आणि जारवा यांची तुलना करणे योग्य नाही. पण पाहुण्याच्या बाजूने चूक एकच होते : समोरचा प्रदेश आपल्या करमणुकीसाठी मांडून ठेवला आहे, असे गृहीत धरणे.

पर्यटकाने नेमके काय करावे?

निघण्यापूर्वी : आरक्षण करूनच निघा. शक्य असेल तर शनिवार-रविवार टाळा, आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी लवकर पोहोचा. फुले पाऊस-उन्हाच्या मेळावर अवलंबून असतात. समाजमाध्यमांवरचे गालिचे त्या दिवशी दिसतीलच असे नाही, हे मुलांनाही आधी सांगा.

पठारावर : आखलेल्या वाटेवरच चाला. फूल तोडू नका, रोप उपटू नका, दगड हलवू नका. जमिनीलगतची फुले पाहायला वाकून बसा, आडवे लोळू नका. बारीक फुलांसाठी साधे भिंग सोबत ठेवले तर मुलांचा वेळ मजेत जातो. वन विभागाच्या परवानगीशिवाय ड्रोन उडवू नका.

वाटाड्या : समितीचा किंवा गावातला वाटाड्या घ्या. वायतुरा कुठला आणि गेंद कुठला, हे तो दाखवेल. शिवाय कोणत्या फुलाला गावात काय म्हणतात, कोणते पान कशावर चालते, हे पुस्तकात नसलेले ज्ञान त्याच्याकडे असते. ठरलेले पैसे द्या, घासाघीस करू नका.

जेवण आणि मुक्काम : गावातल्या घरगुती खाणावळीत नाचणीची भाकरी, पिठले मिळते. आधी कळवले तर त्यांनाही सोपे जाते. राहायचे असेल तर ते बांधकाम परवानगीचे आहे का, हे विचारा. यवतेश्वर-कास रस्त्यावरील अनधिकृत बांधकामांचा वाद जुना आहे. आपण कुठे पैसे देतो, त्यावर तिथे पुढे काय बांधले जाईल हे ठरते.

कचरा : आणलेली प्रत्येक पिशवी, बाटली घरी परत न्या. ‘तिथे डबा नव्हता’ ही सबब चालणार नाही. डबा भरला तर तो उचलायलाही गावातलेच कुणीतरी येते.

फोटो : माणसांचा फोटो विचारून घ्या. नाही म्हटले तर हसून पुढे व्हा. फोटो टाकताना नेमके ठिकाण सांगणारी खूण टाळा. विशेषतः दुर्मीळ रोपांच्या बाबतीत हे पाळा.

कास भरले असेल तर : आरक्षण मिळाले नाही म्हणून वाहने चाळकेवाडीसारख्या शेजारच्या पठारांकडे वळतात. तिथे ना मर्यादा, ना पहारा. पण सडा तितकाच नाजूक. कासला पाळायचे नियम तिथेही पाळावेत.

पुढे काय?

कोयनेच्या जलाशयाच्या परिसरातील दोनशेहून अधिक गावांसाठी ‘नवीन महाबळेश्वर’ हा गिरिस्थान प्रकल्प आखण्यात आला आहे. रस्ते, रोजगार, पर्यटन येईल म्हणून काहींना तो हवा आहे. जंगल आणि पाणी जाईल, जमिनी बाहेरच्यांच्या हाती पडतील म्हणून काहींना त्याची धास्ती आहे. धरणाने एकदा आणि अभयारण्याने दुसऱ्यांदा ज्यांचे जगणे बदलले, त्या लोकांना तिसऱ्या वेळी तरी आधी विचारले जाईल का, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर सरकार, ग्रामसभा आणि न्यायालये देतील. पर्यटकाच्या हातात आहे ते त्याहून लहान, पण रोजचे. आपल्याकडे कुणाच्या घरी जाताना उंबऱ्याबाहेर चपला काढतात, यजमानांची विचारपूस करतात, पानात वाढलेले टाकत नाहीत आणि निघताना ‘येतो’ म्हणून निरोप घेतात. सड्यावर जातानाही एवढेच करायचे आहे. तसे झाले, तर टोपली कारवीच्या पुढच्या बहराला फुलेही असतील आणि ‘या’ म्हणणारी माणसेही.